पंचफुलाबाईंचा पाय

"धुते ना जी मी. रोज धुते. खोटं काऊन बोलू?"

पंचफुलाबाई वैतागल्या होत्या आणि त्यांचं वैतागणं रास्त होतं. उजवा पाय गुडघ्याखाली लाल, गरम, ताणलेला. अंगात सणसणून ताप. त्या पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा होत होतं आणि दर वेळी मी येऊन एकच विचारत होतो, पाय धुता का? गावची आशाताई वंदना माझ्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, खरंच धुते बाई. मी डोऱ्यानं पाह्यलं."

मी हत्तीरोग पथकात आरोग्य निरीक्षक होतो. ब्रह्मपुरीच्या बाजूची, वैनगंगेकाठची धानाची गावं माझ्याकडे. नोकरीची बहुतेक वर्षं लोकांच्या पायांकडे बघण्यात गेली. बायको म्हणायची, बाजारात यांना तोंड दाखवून उपयोग नाही, पाय दाखवा म्हणजे ओळख पटेल.

हत्तीरोग म्हणजे लोक ज्याला हत्तीपाय म्हणतात तो. डास चावतो, त्यातून बारीक जंतू अंगात जातात, त्यांचे किडे होतात आणि शरीरातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये ते ठाण मांडून बसतात. नळ्या खराब झाल्या की पाणी पायात साचतं. गोळ्यांनी जंतू मरतात, पण बिघडलेली नळी दुरुस्त होत नाही. म्हणजे इतका सुजलेला पाय पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. हे वाक्य सांगताना मी रोग्याच्या डोळ्यांत कधी बघितलं नाही. कागदात डोकं घालून सांगायचो.

मग आम्ही कशाला? तर आहे तो पाय वाढू नये म्हणून. सुजलेल्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की चामडी कुजते, भेगा पडतात, आणि भेगेतून आपले साधे, रोजचे जंतू आत शिरतात. मग थंडी वाजून ताप आणि पाय लालबुंद. लोक म्हणतात पाय भरून आला, आम्ही म्हणतो अटॅक. दर अटॅकनंतर पाय आधीपेक्षा थोडा जाड होतो. यावर उपाय आहे, पण तो डॉक्टरकडे नाही, रोग्याच्याच हातात आहे. साबणानं धुवा, बोटांच्या मध्ये पुसून कोरडं करा, मलम लावा, बसताना-झोपताना पाय उंच ठेवा. रोज, जन्मभर.

त्यासाठी सरकारकडून किट यायचं. टब, मग, साबण, टॉवेल, मलम. पंचफुलाबाईंना ते मी स्वतः दिलं होतं. बाई पन्नाशीच्या, अंगानं काटक, गावातल्या रोवणा करणाऱ्या बायांच्या टोळीच्या म्होरक्या. रोवणा म्हणजे धानाची लावणी. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, गुडघाभर चिखल आणि त्यात दिवसभर वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवायचे. चिखलात चप्पल टिकत नाही, आणि टिकली तरी धानाच्या बांधीत कोणी चप्पल घालून शिरत नाही. त्यामुळे पाय ओला राहणार हे ठरलेलंच. पण संध्याकाळी घरी येऊन त्या धूत होत्या. तरी अटॅक येत होते. माझं डोकं चालेना.

ताप उतरल्यावर मी परत गेलो आणि म्हटलं, "बाई, मला धुऊन दाखवा."

"तुमच्यासमोर?"

"मी पाठ करून बसतो. वंदना बघेल आणि बोलत राहील."

तसा मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागून वंदनाची कॉमेंट्री सुरू झाली. लुगडं वर घेतलं. पाणी टाकलं. साबण लावला. बोटाच्या मधीबी लावला. पाणी टाकलं. झालं, लुगडं खाली केलं.

"पुसलं?"

"पुसलं नाई, सर."

"टॉवेल कुठे आहे, बाई?"

पंचफुलाबाई म्हणाल्या, "टॉवेल जवायाले देला. टोपीसंगं."

आमच्याकडे पाहुण्याचा मान टॉवेल-टोपीनं करतात. लग्न असो, साक्षगंध असो, तेरवी असो, माणूस निघताना त्याच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी. सरकारचा टॉवेल पांढराशुभ्र, जाड, कोरा. तो पायासाठी आलाय हे त्या घरात कोणाला पटलंच नव्हतं. "नवा टॉवेल पायाले पुसाचा, साहेब? तोबी असल्या पायाले?" असं बाईंनी मलाच विचारलं. वंदनाला घेऊन मी बाकीची घरं फिरलो. सगळीकडे तेच. टॉवेल जावयाला, व्याह्याला, मामाला. मागच्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत माझा सत्कार झाला होता तो कशानं, हेही त्या दिवशी उमगलं.

उपाय सोपा होता. जुन्या सुती लुगड्याची फडकी फाडायची. मऊ असतात, रोज धुता येतात, आणि त्यांना कोणाच्या खांद्यावर बसायची हौस नसते. मी साहेबांना फोन केला. आमचे साहेब जिल्ह्याच्या ऑफिसात बसत. माणूस वाईट नव्हता, फक्त फोटोचा भुकेला होता.

"किटवाटप शंभर टक्के झालं ना?"

"झालं, सर. टॉवेल वापरात नाहीत. मी जुन्या लुगड्याची फडकी सांगितली आहेत."

"मेश्राम, फोटोत टॉवेल दिसला पाहिजे."

"टॉवेल जावयांकडे आहेत, सर. त्यांचे फोटो पाठवू का?"

साहेबांनी फोन ठेवला.

फडक्यांनी काम केलं. पंचफुलाबाईंचा हिवाळा अटॅकशिवाय गेला, उन्हाळाही गेला. पाय बारीक झाला नाही, पण चामडी मऊ पडली, बेचक्यातल्या भेगा भरून आल्या, रबरी चप्पल पायात शिरू लागली. ती चप्पल घालून त्या नातेवाइकांच्या लग्नाला गेल्या आणि पंगतीत बसल्या. आधी त्या लग्नांना जायच्याच नाहीत. बाजेच्या पायथ्याच्या पायांखाली त्यांनी स्वतःच्या अकलेनं विटा लावल्या, म्हणजे झोपेत पाय उंच राहील. शेतात जाताना कमरेला कोरडं फडकं खोचायच्या. मी एकदा काही सांगायला लागलो तर हातानंच थांबवलं. "हा पाय माहा आहे, साहेब. याले काय पाह्यजे ते मले समजते." मला मनापासून आनंद झाला. एवढ्यासाठीच तर आमची नोकरी होती.

मग आम्ही त्यांनाच सेशनला घेऊन जायला लागलो. सेशन म्हणजे अंगणवाडीच्या खोलीत आजूबाजूच्या गावच्या रोगी बाया जमवायच्या आणि पाय कसा सांभाळायचा ते करून दाखवायचं. आता पाय दाखवायचा म्हणजे लुगडं गुडघ्यावर घ्यावं लागतं. आमच्या बाया चिखलात लुगडं खोचून दिवस काढतील, पण सुजलेला पाय माणसांसमोर उघडा करणार नाहीत. म्हणून सेशनची सुरुवात ठरलेली होती. वंदना दारात उभी राहायची आणि म्हणायची, "बाप्ये बाहेर." नवरे, दीर, पोरं, सगळे बाहेर. दार लोटलं जायचं. आत मी कोपऱ्यात, पाठ करून.

पंचफुलाबाई बोलायला लागल्या की मला काही बोलावंच लागत नसे. अटॅक आला तर काय करायचं ते त्या त्यांच्या भाषेत सांगायच्या. पडून राहा, पाय वर, गार पाण्याची पट्टी, आशाकडून गोळी, आणि काम बंद. काय करायचं नाही तेही सांगायच्या. शेक नको, चिरा नको, डाग नको. डाग म्हणजे तापलेल्या सळईचा चटका. सूज दिसली की डाग देणारे लोक आमच्या भागात अजून आहेत आणि त्यांच्याकडे जाणारेही आहेत. बाई म्हणायच्या, "डागवाला आला तं त्याले म्हना, आंधी तुह्या पायाले दे, मंग पाहू." बाया खो खो हसायच्या. शेवटी त्या आवाज उतरवून सांगायच्या की तापात माणूस बरळायला लागला तर घरी ठेवायचं नाही, वंदनाची वाट पाहायची नाही, एकशे आठ लावायचा आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. कारण बरळणं म्हणजे विष रक्तात उतरल्याची खूण. हे माझं वाक्य होतं, पण त्यांच्या तोंडून ते जास्त खरं वाटायचं.

बाहेर कडुनिंबाखाली त्यांचे मालक तुळशीराम भाऊ सायकल टेकवून बसलेले असायचे. बायकोला कॅरिअरवर बसवून आणायचे आणि सेशन संपेपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे. गरीब माणूस, बायकोला अगं-तुगं करतानाही आवाज चढला नाही कधी. मी एकदा सहज विचारलं, "काय भाऊ, घरी कसं चाललंय पायाचं?"

"तिचं तिलेच मालूम, साहेब. आपन त्यात हात घालत नाई."

मी "छान" म्हणालो आणि मोटारसायकलला किक मारली.

पुढच्या रोवण्यात पंचफुलाबाई टोळी घेऊन बांधीत उतरल्या. रोवण्याच्या दिवसांत आमच्या गावांत उजाडल्यानंतर बाई दिसत नाही. पहाटे भाकर बांधून सगळ्या शेतात, दिवस बुडाल्यावर परत. त्याच सुमारास वंदना एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन ब्रह्मपुरीला आणि तिथून पुढे चंद्रपूरला गेली होती. पुढचं मला तुळशीराम भाऊंनी आणि वंदनानं नंतर सांगितलं.

बांधीतच बाईंना थंडी वाजली. बेचक्यात काही गेलं असेल, काटा, धानाचं कुसळ, कोण सांगणार. त्यांनी लगेच काम थांबवलं, घरी आल्या, पाय धुतला, पुसला, बाजेवर पडल्या. पट्टी स्वतःच ठेवली. वंदनानं आधी देऊन ठेवलेली गोळी घेतली. वंदनाला फोन लावायला सांगितलं, तो लागला नाही. "सकाळी दवाखान्यात जाऊ," म्हणाल्या आणि नवऱ्याला जेवून घ्यायला लावलं. एकही गोष्ट चुकली नाही. मी परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

पहाटे त्या बरळायला लागल्या. टोळी तोवर शेताकडे निघून गेली होती. घरात तुळशीराम भाऊ आणि शेजारच्या घरातला त्यांचा मोठा भाऊ. बाईंच्या तोंडून निघणाऱ्या शब्दांना आगापिछा नव्हता, नवऱ्याला त्या दुसऱ्याच कोणाच्या नावानं हाक मारत होत्या. असं त्यांनी बायकोला कधी पाहिलं नव्हतं. एरवी पायाचं काय करायचं ते बाईच सांगायच्या, आणि आज सांगणारीच ठिकाणावर नव्हती. मोठा भाऊ म्हणाला, ताप डोक्यात चढला, डागवाल्याला आणू. तुळशीराम भाऊ मोटारसायकल मागून आणून स्वतः गेले आणि त्याला घेऊन आले.

त्यानं पिंढरीवर आणि घोट्यावर डाग दिले. त्या वेळी बाईंनी हात झाडला, "नाई, नाई" म्हणाल्या. पण त्या तर पहाटेपासून काहीबाही बोलतच होत्या, त्यामुळे तो नकार कोणी नकार म्हणून ऐकला नाही. जाताना डागवाला बजावून गेला. पाणी लावू नका, पाय खाली सोडा, बाईला घराबाहेर काढू नका. तुळशीराम भाऊंनी पट्टी काढली. पायथ्याच्या विटा काढल्या. दार लोटलं आणि बाजेपाशी बसून दिवसभर माश्या हाकलत राहिले. न जेवता, न हलता. याहून जास्त काळजी कोणी घेऊ शकलं नसतं.

संध्याकाळी वंदना गावात आली, बाईंचं ऐकून तशीच त्यांच्या घरी धावली आणि तिथूनच तिनं ॲम्ब्युलन्सला आणि मला फोन केला. मी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांना नुकतंच आणलं होतं. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी एका नजरेत ओळखलं.

"बीपी लागत नाहीये. हे चटके कशाचे?"

मी सांगितलं.

"बरळायला कधीपासून लागल्या?"

"पहाटेपासून."

सलाईन, इंजेक्शनं, ऑक्सिजन, जे जे करता येतं ते सगळं त्यांनी केलं आणि पुढे रेफर केलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवेपर्यंत मी स्ट्रेचरपाशी होतो. बाईंनी मला ओळखलं नाही. डोळे अर्धे उघडे होते आणि उजवा हात लुगड्याचा काठ धरून खाली ओढत होता. आजूबाजूला बाप्ये होते ना. पाय झाकायचा होता. मीच चादर घेऊन पाय झाकला, तेव्हा कुठे हात थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

मी साहेबांना रिपोर्ट केला. ते म्हणाले, "मेश्राम, वाईट झालं. पण ही डेथ आपल्याकडे लागत नाही. हत्तीरोगानं माणूस मरत नाही. ते सेप्टिसिमिया लिहितील." सेप्टिसिमिया म्हणजे तेच, रक्तात विष. साहेब नियमाप्रमाणे बरोबर बोलत होते. आमच्या रिपोर्टात मृत्यूचा रकानाच नव्हता. मला इतका संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला, पण तो कोणावर होता ते मला सांगता आलं नसतं. डागवाल्यावर म्हणावं तर त्याच्या बापानंही हेच केलं होतं. पोलिसांत द्या असं मी म्हटलंही, पण घरच्यांनी नको म्हटलं.

तेरवी झाल्यावर मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. तुळशीराम भाऊ ओसरीत बसले होते. त्यांनी मला बसायला बाज दिली, पाणी दिलं. धानाचं विचारलं तर म्हणाले, रोवणा टोळीनं पुरा करून दिला. मग म्हणाले, "साहेब, एक विचारू?"

"विचारा ना, भाऊ."

"बरळली तं तवाच दवाखान्यात न्या लागते, हे तिले मालूम होतं?"

"होतं."

"वंदनाले?"

"हो."

"आन टोळीतल्या बायाइले?"

"सगळ्यांना. त्यांनीच तर सांगितलं होतं सगळ्यांना."

"मंग मलेच काऊन नाई सांगतलं?"

आवाजात राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं होतं. मला त्या कडुनिंबाखाली सायकल टेकवून बसलेला माणूस दिसला आणि बंद दार दिसलं. मी रडलो. शोकाच्या घरी आपण रडू नये, धीर द्यावा, एवढं मला कळतं, पण ते जमलं नाही. उलट त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला. सेशनला येऊन हे चार लोकांना सांगाल का, असं मी त्यांना पुढच्या महिन्यात विचारलं. "मले नाई जमत, साहेब," म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एकही सेशन दार लोटून घेतलं नाही. बायांचा पाय उघडा करायची गरज नसते, मी पँट वर करून माझा पाय टबात घालायचो आणि बाप्यांना धुवायला लावायचो. आधी कुरकुर व्हायची. साहेबाचा पाय काऊन धुवाचा, आमी का नवरीचा बाप हाओ का, असं एकानं विचारलं तेव्हा सगळी खोली हसली, मीही हसलो. पण धुतला त्यानं. आणि सुरुवातीला प्रत्येक बाईला विचारायचो, तापात तुमची शुद्ध गेली तर घरात शब्द कोणाचा चालेल? जे नाव ती सांगेल तो माणूस समोर येऊन बसेपर्यंत सेशन सुरू करत नसे. नवरा, दीर, सासू, एका घरी तर बारावीतली मुलगी. त्यानं गर्दी वाढली, वेळ वाढला, साहेबांच्या मते खर्चही वाढला.

आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं असतं की रोग्यानं आपल्या आजाराची काळजी स्वतः घ्यायला शिकलं पाहिजे. ते बरोबरच आहे. रोगी शुद्धीवर आहे तोवर.